ताटीबाहेर बसलेली मुक्ताई



आजचं चिंतन मुक्ताईच्या ताटीच्या अभंगांवर. ताटी म्हणजे झोपडीचं काटक्या-बांबूंचं दार. प्रसंग बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो.

संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून समाजाने सगळं घरच वाळीत टाकलं. पुढे आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडं पोरकी झाली. परंपरा सांगते की एके दिवशी कुणीतरी ज्ञानदेवांना वर्मी लागेल असं बोललं. ते घरी आले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. ज्यांना आपण माउली म्हणतो, त्यांनाही एक दिवस जगाचं तोंड बघू नये असं वाटलं! आपल्याला तसं वाटलं तर आपली भक्ती कमी पडली, असं समजायचं कारण नाही.

आता बाहेर कोण आहे बघा. मुक्ताई. चौघांत सगळ्यात धाकटी. आईवडील तिचेही गेलेत, टोमणे तिनेही ऐकलेत. म्हणजे आधार देणारीचं स्वतःचं सगळं छान चाललंय असं अजिबात नाही. आपण मात्र म्हणतो, 'मीच इतका अडचणीत आहे, मी कुणाला काय धीर देणार?' मुक्ताईने असा हिशोब केला नाही. ती दाराशी बसली आणि बोलत राहिली.

ती काय बोलली, तेही शिकण्यासारखं आहे. 'होईल सगळं ठीक' असं वरवरचं ती काही म्हणत नाही. दादाला तो कोण आहे याची आठवण करून देते. लोक रागाने पेटले तर संताने थंड राहावं, असं स्पष्ट सांगते. आपलेच दात आपल्याच जिभेला लागले म्हणून कुणी दात पाडून टाकतं का, असं विचारते. त्यात माया आहे आणि थोडी कानउघाडणीही आहे.

पण मला सगळ्यात जास्त भिडतं ते तिचं मागणं. प्रत्येक अभंगाच्या शेवटी ती दार उघडायची विनवणी करते आणि दया मागते ती स्वतःसाठी! 'मी तुला वाचवायला आले' असा तिचा सूरच नाही. 'तू आत बसलास तर माझं कसं होणार?' असा आहे. थांबून विचार करावा अशी ही जागा आहे. दार लावताना आपल्याला वाटतं, माझं दुःख माझ्यापुरतं ठेवलं, कुणाला त्रास दिला नाही. पण बाहेर कुणीतरी ताटकळत असतं, आणि त्यालाही आपली गरज असते.

माझ्या ओळखीतल्या एकाची नोकरी लेऑफमध्ये गेली. तीन आठवडे त्याने घरी सांगितलं नाही. रोज लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि संध्याकाळी परत. शेवटी आईला सांगितलं. आई रागावली, पण नोकरी गेली म्हणून नाही. 'इतके दिवस रोज फोनवर हसून बोललास, मला परकी केलंस,' म्हणाली. मला तर ती मुक्ताईच वाटली.

'पण रोज रोज एकाच माणसाला किती पिडायचं?' हा प्रश्नही खरा आहे. त्याचं उत्तर आपल्या अखंड हरिनाम सप्ताहात आहे. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. म्हणून एकच माणूस सात दिवस उभा राहतो का? नाही. पहारे लावलेले असतात. एकाची वेळ संपली की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत ऑन-कॉल रोटेशन! आधाराचंही तसंच हवं. एक मित्र, एक बहीण, एखादे काका, सत्संगातलं कुणीतरी. सगळा भार एकावर नको. आणि मन फारच खचलं असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकही त्या पहाऱ्यात हवेत. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मोफत. तिथे फोन केल्याने श्रद्धा कमी होत नाही. पांडुरंग कुणाच्या आवाजात बोलेल, ते आपण कोण ठरवणार?

ज्ञानेश्वरीकडे बघा. शके १२१२ मध्ये नेवाशाला ती साकारली. मागे निवृत्तिनाथांची कृपा, लिहून घ्यायला सच्चिदानंद बाबा, समोर ऐकणारे श्रोते. आणि शेवटी पसायदानात माउली काय मागतात? इतर मागण्यांबरोबर हेही, की सगळ्या जीवांची एकमेकांशी मनापासून मैत्री व्हावी. ज्याला लोकांनी तोडलं, तो सगळ्यांसाठी मैत्री मागतो. त्याच्या दाराशी एकेकाळी कुणीतरी हटून बसलं होतं, हे मला इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आजचा संकल्प छोटाच. आतून ताटी लावली असेल तर एका माणसाला खरं सांगा: 'सध्या बरं नाही चाललंय.' आणि तुमचं बरं चाललं असेल, तर बरेच दिवस गप्प असलेल्या एखाद्याला फोन करा. नाही उचलला तर उद्या परत करा. मुक्ताईनेही एकदाच हाक मारून सोडलं नव्हतं.

जय जय राम कृष्ण हरी!