आरोग्याचा कारभार

पनवेलच्या कृष्णशास्त्री पुराणिक या वैद्यांनी १८७२ साली श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला, तेव्हा कलकत्त्याच्या डाबरचा जन्म व्हायला अद्याप बारा वर्षे आणि मुंबईच्या झंडूचा व्हायला तीन तपांहून अधिक अवकाश होता. वैद्याने आपल्या घरी, आपल्या खलात, आपल्याच रुग्णापुरते औषध घोटावे हा तोवरचा शिरस्ता. त्यामुळे औषधाचा गुण वनस्पतीइतकाच घोटणाऱ्या हातावर आणि त्याच्या त्या दिवशीच्या सवडीवर अवलंबून असे. औषध सिद्ध करणे आणि औषध देणे ही दोन कामे वेगळी केली, तर पहिले काम मोठ्या प्रमाणावर, एकसारख्या रीतीने होऊ शकते आणि दुसऱ्या कामाला वैद्याचा वेळ मोकळा होतो, हा विचार आयुर्वेदाच्या कोणत्याही संहितेतला नव्हे. तो कारभाराचा विचार आहे, आणि तो या बंदरगावात दीडशे वर्षांपूर्वी सुचला, याचे मला पनवेलकरांपेक्षाही अधिक अप्रूप वाटते.

सेवा आणि हिशेब यांचे हाडवैर आहे, अशी आपल्या समाजाची एक जुनी, सोज्ज्वळ समजूत आहे. डॉक्टर करुणामूर्ती असावा, परिचारिका त्यागमूर्ती असावी, आणि जमाखर्चाचे नाव काढील तो वाणी! परंतु शस्त्रक्रियेची खोली दुपारी बारानंतर रिकामी राहते, क्ष-किरण यंत्र दुरुस्तीच्या मंजुरीवाचून महिनोन्‌महिने आच्छादनाखाली निजते, किंवा एका आजारासाठी रोजंदारीच्या माणसाला चार वेळा चार खिडक्यांपुढे उभे राहावे लागते, तेव्हा जे वाया जाते ते त्या रुग्णाचेच असते. आणि ते कोणाच्या खात्यावर नोंदले जात नाही एवढ्याचमुळे आपण त्याला नुकसान म्हणत नाही.

पनवेल हे मुळात वाटेवरचे गाव. पूर्वी बंदर, मग घाटाची सडक, मग रेल्वे, आणि आता कळंबोलीहून सुटणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग. माणसांची आणि मालाची ने-आण हाच या गावाचा पिढीजात धर्म. अशा गावात रुग्णाची ने-आण मात्र अडखळते, याचे कारण रस्त्याचा ओढा मुंबईकडे आणि कागदाचा अलिबागकडे आहे. प्रबळगडाच्या पायथ्याच्या एखाद्या कातकरी वाडीतील अवघडलेली बाई उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून उपजिल्हा रुग्णालयात जाते. त्यापुढे दप्तराच्या हिशेबाने तिचे जिल्हा रुग्णालय अलिबागला, आणि नातलगांच्या हिशेबाने तिचे इस्पितळ शीव किंवा भायखळ्याला. या प्रत्येक मुक्कामावर कोणी ना कोणी जबाबदार अधिकारी आहे. दोन मुक्कामांच्या मधल्या अंतराला मात्र धनी नाही. उपचार बहुधा तेथेच फसतो.

हे अंतर भरून काढण्याची विद्या आपल्या देशात अवगत नाही, असे मुळीच नाही. मदुरेचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी, ज्यांची बोटे तारुण्यातच संधिवाताने वाकडी झाली होती, त्यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अवघ्या अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील जो भाग केवळ शल्यविशारदच करू शकतो तेवढाच त्याने करावा. तपासणी, डोळ्यांची पूर्वतयारी, शुश्रूषा आणि समजूत घालणे हे सारे खेड्यापाड्यांतून निवडून शिकवलेल्या मुलींनी करावे. एका मेजावरची शस्त्रक्रिया संपताच शेजारच्या मेजावर दुसरा रुग्ण सिद्ध असावा. आणि ज्याला ऐपत आहे त्याच्या शुल्कातून ज्याला नाही त्याचा खर्च निघावा, अशी त्यांची एकूण तजवीज होती. परदेशी कृत्रिम भिंग परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये त्यांच्या संस्थेने ऑरोलॅब काढून ते मदुरेतच घडवावयास घेतले. यात दानशूरपणा आहेच. परंतु तो दानशूरपणा पन्नास वर्षे टिकला तो वेळापत्रकाच्या आणि खतावणीच्या आधारावर. आज पनवेलमध्येही डॉ. सुहास हळदीपूरकर यांची लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, शंकरा नेत्र प्रतिष्ठानचे रुग्णालय आहे. शंभरांतील ऐंशी रुग्ण विनामूल्य आणि वीस सशुल्क, हे त्या प्रतिष्ठानचे सूत्र सर्वश्रुत आहे. डोळ्यांच्या बाबतीत जे साधले ते बाळंतपणाच्या, मधुमेहाच्या बाबतीत का साधू नये, असे कोणी विचारील. मोतीबिंदू एका बैठकीत निघतो, मधुमेह जन्मभर सोबत करतो. त्यामुळे नक्कल जशीच्या तशी उतरणार नाही, हे मला मान्य आहे. पण कोणते काम कोणी करावे, हा प्रश्न तेथेही तोच आहे.

सरकारलाही कल्पकता वर्ज्य नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. विम्याच्या रकमेपेक्षा तिच्यातील ‘आरोग्यमित्र’ मला अधिक मोलाचा वाटतो, कारण शिधापत्रिका घेऊन भांबावलेल्या माणसाला दारातच भेटून त्याचे कागद पुढे नेणे, हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे, असा माणूस रुग्णालयात प्रथमच दिसू लागला. (ठरीव दरांच्या योजनेत खासगी रुग्णालये फायद्याच्या शस्त्रक्रिया तेवढ्या वेचून घेतील, ही भीती निराधार नाही; तिच्यावर नजर ठेवणे हाही कारभारच.) २०१४ साली १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका राज्यात धावू लागल्या, आणि त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर डॉक्टर मोठ्या संख्येने नेमले गेले, कृष्णशास्त्र्यांना हे पाहून खचित मौज वाटली असती.

औषधपुरवठ्याची कथा मात्र इतकी सुरस नाही. तामिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र महामंडळ स्थापून जिल्ह्याजिल्ह्यांत वखारी उघडल्या आणि प्रत्येक रुग्णालयाच्या हाती एक पासबुक दिले, जेणेकरून आपल्या वाट्याची किती रक्कम शिल्लक आहे ते पाहून तेथील डॉक्टरने स्वतःच औषध उचलावे. आपण २०१७ मध्ये खरेदीचे काम लस बनविणाऱ्या हाफकिनच्या गळ्यात बांधले, आणि स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा व्हायला २०२३ साल उजाडले. जवळजवळ तीस वर्षे शेजारचे पासबुक आपल्याला दिसत होते!

या सर्वांच्या मुळाशी नेतृत्वाचा प्रश्न आहे. उत्तम शल्यविशारदाला ज्येष्ठतेच्या जोरावर अधीक्षक करावे, म्हणजे एक शल्यविशारद कमी होतो आणि निविदा, हजेरीपट, लेखापरीक्षण यांचे ज्याला कधी शिक्षण मिळाले नाही असा एक अधीक्षक वाढतो. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र संवर्ग कित्येक दशके आहे. महाराष्ट्राने तो उभारावा, आणि तोवर निदान अधीक्षकाला औषध व दुरुस्ती यांपुरता खर्चाचा खरा अधिकार द्यावा.

पनवेलची नगरपालिका १८५२ ची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी ती महानगरपालिका झाली. तिने दरमहा आपल्या दवाखान्यांपुढील फलकावर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणते औषध संपले आहे, कोणते यंत्र बंद आहे, आणि पुढे पाठविलेल्या रुग्णांपैकी किती जण प्रत्यक्ष पोहोचले. पनवेलकर वाचकांनी आपापल्या नगरसेवकाकडे या फलकाची मागणी लेखी करावी, आणि अर्जाची पोच घेतल्यावाचून परतू नये.