अर्जाबरोबरचं पत्र

पुण्यात कात्रजहून गणेशखिंडीला जायचं तर स्वारगेट, शिवाजीनगर करत गर्दीच्या वेळी तासाहून अधिक वेळ सहज मोडतो. तिथे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ हे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठ केंद्र आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८मध्ये ही संस्था उभारली, ती केवळ तिथे नोकरीला असलेल्या शास्त्रज्ञांसाठी नव्हे, देशभरच्या विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या अध्यापकांसाठी. तिथली अभ्यागत सहयोगी योजना त्यासाठीच आहे. मुदत तीन वर्षांची, प्रवासाचा आणि राहण्याचा भार संस्थेवर. अध्यापकाने यावं, काम करावं आणि आपल्या वर्गात परतावं.

अर्ज करायचा म्हटलं की माणसं शोधनिबंधांची यादी आणि संशोधनाचा आराखडा घोटत बसतात. माझ्या मते सगळ्यांत अवघड कागद म्हणजे सोबत जोडायचं प्राचार्यांच्या सहीचं पत्र.

धनकवडी-कात्रज पट्ट्यात अभियांत्रिकीचं शिक्षण भरपूर. तिथे भौतिकशास्त्र येतं ते मुख्यतः पहिल्या वर्षापुरतं. गुरुत्वाकर्षणावर पीएचडी केलेला माणूस सोडियमच्या दिव्यापाशी उभा राहून न्यूटनची वलयं मोजून घेतो. बॅच बदलते, वलयं तीच, जर्नलमधली चुकीची वाचनंही बहुधा तीच. प्रयोग देखणा आहे, वादच नाही; पण त्यावर संशोधक जगत नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं. त्यात उत्तरपत्रिका, प्रवेश समिती आणि नॅकच्या फायली आल्या की आराखडा लिहायलाही रविवार उरत नाही.

आणि इथे जवळ असणंच नडतं. आसामातला अध्यापक आयुकात आला की आला. त्याला दुपारच्या तासाला परत बोलावता येत नाही. कात्रजच्या माणसाला मात्र फोन येतो, ‘सर, पुण्यातच आहात ना? तीनचं प्रॅक्टिकल घेऊन जा.’ मग तो सहयोगी कागदावरच राहतो.

पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांना कॉलेजची अशी अडवणूक पुरती ठाऊक होती. १९५१मध्ये ते केंब्रिजहून लाहोरला शिकवायला परतले. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली मुंबईत आल्याचं कळल्यावर ते त्यांना भेटायला धावले, तर परतल्यावर कॉलेजने विनापरवानगी गेल्याचा जाब विचारला. विषयावर बोलायला आसपास कुणी नाही आणि बोलायला गेलं तर गुन्हा! १९५४मध्ये त्यांनी लाहोर सोडलं. पुढे १९६४मध्ये त्यांनी इटलीत त्रिएस्तला भौतिकशास्त्राचं केंद्र काढलं आणि विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांसाठी सहयोगी योजना सुरू केली. माणसाने आपला देश न सोडता अधूनमधून येऊन काम करून जावं, एवढाच तिचा हेतू.

प्राचार्यांचीही बाजू आहे. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, भरती रखडलेली. एक जण गेला की त्याचे तास शेजारच्याच्या डोक्यावर. अशा वेळी ‘सुट्टीत जा’ म्हणणं सोपं, पण सुट्टीत परीक्षा आणि पेपर तपासणी असते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांनी तास बुडवला की त्या तासाचे पैसे गेले. संशोधनाला जायचं ते पदरमोड करून.

तरीही अडचणीचा सगळा भार एकट्या अर्जदारावर टाकायचा आणि निवड झाली की नॅकच्या अहवालात त्याचं नाव मिरवायचं, हे काही खरं नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथली विदा हाताळणारी माणसं नांदेड-परभणीच्या आणि पुण्याच्या महाविद्यालयांतून यायला हवी असतील, तर त्यांच्या शिक्षकांना आज मोकळीक लागेल.

तेव्हा संस्थाचालकांनी आणि प्राचार्यांनी पत्रावर सही करताना एक ओळ वाढवावी: तिथले दिवस कर्तव्यकाळ धरले जातील. आणि त्या दिवसांत त्या अध्यापकाला एकही प्रॅक्टिकल लावू नये, तो कात्रजला राहत असला तरी.