नाण्यासोबतची चिठ्ठी

वर्ध्याहून यवतमाळकडे निघालं की वाटेत देवळी लागते. राष्ट्रकूटांचा इतिहास लिहिणाऱ्याला हे गाव टाळताच येत नाही, ते इथल्या ताम्रपटामुळे. शके ८६२ मध्ये, म्हणजे इ.स. ९४० च्या सुमारास, राजा तिसऱ्या कृष्णाने आपला भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यासाठी एक गाव दान दिलं. ते गाव ‘नागपुर-नंदिवर्धन’ भागातलं. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. नागपूर हे नाव हजार वर्षांपूर्वीही होतं, हे आपल्याला कळतं ते या लेखामुळे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. हेच पत्रे मोडीत गेले असते, तर तांब्याचा त्या दिवशीचा भाव तेवढा हाती लागला असता.

जुन्या वस्तू जमवायच्या म्हणजे पैसेवाल्यांचं काम, असं आपण उगीच धरून चालतो. साधी झिजलेली शिवराई आजही शे-दोनशे रुपयांत मिळते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती असल्या घरगुती वस्तूच जमवल्या; वाडे मोडत होते आणि लोकांना ती अडगळ वाटत होती. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला.

स्वस्तात घ्यावं, जरूर घ्यावं. पण भाव करण्याआधी ‘कुठं सापडलं?’ हे विचारावं. उत्तर मिळालं, तर चिठ्ठीवर लिहून नाण्याच्या पाकिटात टाकावं. सातवाहनांचं शिशाचं नाणं नांगराला लागलं, त्याच्याबरोबर आणखी काय निघालं, कोणत्या गावच्या शिवारात निघालं, हे माहीत असेल तर अभ्यासकाला त्यातून व्यापाराची वाट दिसू शकते. मडक्यातली नाणी सुटी करून दहा गिऱ्हाइकांना विकली की ती वाट मोडते. आणि कृपा करून चिंच लावून घासू नये! चकाकी येते, अक्षरं जातात.

मूर्तीच्या बाबतीत मात्र मी हात आखडता घेईन. दगडाची जुनी मूर्ती फारच स्वस्तात मिळत असेल, तर ती कुठल्या देवळातून उचलली असेल, हा विचार आधी यावा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या अशा मूर्तीची नोंदणी करावी लागते, पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या खाजगीरीत्या परदेशी धाडता येत नाहीत. स्वतःच्या शेतात काही निघालं, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवायचं. मूळ कायद्यातली ही दहा रुपयांची रेघ त्या काळी मोठी असेल; आज तिच्या आत बसेल अशी शिवराईसुद्धा बाजारात शोधून सापडायची नाही.