दयेची खोटी नोंद

रुग्णवाहिकेच्या लॉगबुकात एखाद्याने दयेपोटी खोटी ओळ लिहिली, तर तो अधर्म होतो का? गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुका आरोग्य कार्यालयात मी सहायक होते. गाड्यांची लॉगबुके, डिझेलच्या पावत्या, फेऱ्यांची देयके माझ्या टेबलावरून पुढे जात. निवृत्त झाले, वह्या सुटल्या, पण हा प्रश्न सुटला नाही.

स्वार्थापोटी लिहिलेली खोटी ओळ ओळखायला मी शिकले होते. २०११ च्या जूनमध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. बाळंतिणीला घरून आणणे, गरज पडली तर मोठ्या रुग्णालयात नेणे आणि शेवटी घरी सोडणे, तिन्ही त्यात फुकट. लबाडी बहुतेक परतीच्या फेरीत शिरते. बाई बाळाला पदराखाली घेऊन एसटीने किंवा काळी-पिवळीने गेलेली असते, आणि वहीत गाडीने सोडल्याची नोंद असते, किलोमीटरसकट, अंगठ्यासकट. अशा नोंदी फार नीटनेटक्या असतात. नाल्याला पूर येऊन रस्ता बंद असलेल्या दिवशीच पलीकडच्या गावाची फेरी दाखवलेली दिसली, की मी पेन खाली ठेवत असे. खासगी गाड्यांची तऱ्हा वेगळी: ऑक्सिजनचे सिलिंडर रिकामे आणि तपासणीच्या कागदावर बरोबरची खूण, फिटनेसची मुदत संपलेली, शहरातल्या ठरावीक दवाखान्यात पेशंट उतरवला की चालकाला कमिशन.

सरकारचा पैसा गेला, असे म्हणून लोक हे सोडून देतात. मला ते पटत नाही. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. जी गाडी कागदावर फेरीला गेलेली असते, तिची वाट एखाद्या टोल्यावर कुणीतरी खाटेवर पडून पाहत असते, आणि त्याला उत्तर मिळते, ‘गाडी बाहेर आहे.’ पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, सांगितले, गांधीजींनी आणि विनोबांनी ते एकादश व्रतांत घेतले. घरातले भांडे चोरीला गेले तर धन्याला कळते. इथे ज्याची पाळी चोरली गेली, त्याला ते मरेपर्यंत कळत नाही. तो तक्रार करणार नाही, शापही देणार नाही. म्हणून हे पाप मला साध्या चोरीहून जड वाटते.

आता दयेची ओळ. १०८ ची सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. ती जिवंत रुग्णासाठी आहे. मृतदेह तिच्यातून नेत नाहीत. नियम रास्तच आहे, कारण मृतदेह पोहोचवायला गेलेली गाडी त्या वेळी रुग्णाच्या कामाची राहत नाही. पण २०२४ च्या सप्टेंबरात अहेरी तालुक्यातल्या एका आईबापांनी तापाने गेलेली आपली दोन लेकरे खांद्यावर घेऊन जंगलातली चिखलवाट तुडवली. प्रशासनाचे म्हणणे होते की गाडी मागवली होती, ते थांबले नाहीत. असेलही तसे. पण पाठीशी सुविधा आहे हा विश्वास ज्याला कधी मिळालाच नाही, तो थांबेल कशाच्या भरवशावर?

अशाच एका प्रसंगी आमच्याकडच्या एका चालकाने मृतदेह गावी नेऊन दिला आणि लॉगबुकात तसेच लिहिले. त्याच्याकडून खुलासा मागवला गेला. तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “मॅडम, पेशंट लिवलो असतो तर कोणी विचारलं नसतं. खोटं लिवाले पाहिजे होतं का मी?”

कार्यालयातले बहुतेक जण ‘हो’च म्हणाले, आणि त्यांची बाजू लहान नव्हती. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्याचे व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणाने, लोक कुठे लपले ते दरोडेखोरांना खरेखरे सांगितले. लोक मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. सत्य नुसते अक्षराला धरून राहत नाही, जिवाला धरून राहते, हे महाभारत स्पष्ट सांगते. मग एका बापाला लेकराचे प्रेत घरी नेऊ देण्यासाठी ‘रुग्ण’ असा शब्द लिहिला, तर बिघडले काय?

माझे वडील चिमूरचे, गुरुदेव सेवा मंडळातले. कौशिकाची गोष्ट मी त्यांच्याकडूनच ऐकली, आणि पुष्कळ वर्षे मीही ती याच अर्थाने धरली होती. पण गोष्टीत ऐकणारा दरोडेखोर आहे. लॉगबुक वाचणारा दरोडेखोर नसतो. पुढच्या वर्षी गाडी कुठे उभी करायची, कुठल्या केंद्राला शववाहिका द्यायची, हे ज्याला ठरवायचे आहे, तो ते वाचतो. दयेने लिहिलेला ‘रुग्ण’ आणि पैशासाठी लिहिलेला ‘रुग्ण’ कागदावर अगदी सारखे दिसतात. पहिल्याच्या आडोशाला दुसरा सुखाने नांदतो. शिवाय पहिल्यामुळे त्या भागात एकही प्रेत अडले नाही असे सरकारदरबारी दिसते, आणि पुढचा बाप पुन्हा खांदाच देतो. म्हणून मी त्या चालकाला म्हटले, “तुम्ही नियम मोडला ते बरे केले, आणि लिहिले ते त्याहून बरे केले.” नियम मोडावा लागला तर उघड मोडावा आणि त्याचा खुलासा सोसावा. तेवढे सोसणे हा त्या दयेचाच भाग आहे.

ही लबाडी गरिबीतून येते असे कुणी म्हणेल, तर अमेरिकेकडे पाहावे. डायलिसिसला चालत जाऊ शकणाऱ्यांना तिथे स्ट्रेचरवर दाखवून मेडिकेअरकडून पैसे उकळले जात. २०१४ च्या डिसेंबरात तीन राज्यांत अशा नेहमीच्या फेऱ्यांना आधी मंजुरी घेण्याची पद्धत लावावी लागली. आपल्याकडे जीपीएस आले. काही साधकवृत्तीचे सहकारी म्हणत, यंत्राच्या धाकाने आलेला खरेपणा कसला? मला हा आक्षेप स्वतःत गुंतलेला वाटतो. माझा आत्मा किती शुद्ध झाला, हा प्रश्न खाटेवर पडलेल्या माणसाचा नाही.

पण यंत्राला गाडी कुठे गेली ते कळते, आत कोण होते ते कळत नाही. ते गावाला कळते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने गावाचे निर्णय सर्वसहमतीने, सगळ्यांसमोर घेण्याची वाट कधीच दाखवली आहे. महिन्याच्या फेऱ्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, असे मी निवृत्तीआधी लेखी सुचवले होते. एका आरोग्यसेविकेने त्याला हरकत घेतली: क्षयाचा रोगी, लग्नाआधी दिवस गेलेली पोरगी, यांची नावे चावडीवर यायची का? तिचे खरे होते. मी दुरुस्ती केली: नाव नाही, आजार नाही, फक्त तारीख, गाडी क्रमांक, कुठून कुठे, आणि जिवंत की मृत. लहान पाड्यावर तेवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, हे ती पुन्हा म्हणाली. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.