भ्रमनिरास हे पाप आहे का?



पुण्याहून सुट्टीला घरी आलेला एक तरुण मिस्सानंतर आम्हांला म्हणाला, "फादर, रोज कंपनीच्या बसमध्ये चढतो, रोज उतरतो. आपण जगतोय की नुसते चालू आहोत, तेच कळत नाही." आम्ही घाईने म्हणालो, "असे बोलू नये, प्रार्थना कर." तो गप्प झाला. त्याचे ते गप्प होणे आम्हांला अजून टोचते.

तेव्हापासून कवी बा. सी. मर्ढेकर पुन्हा वाचतो आहोत. त्यांचे घराणे आपल्याच सातारा जिल्ह्यातील मर्ढे गावचे. 'काही कविता' हा त्यांचा संग्रह १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी आला. महायुद्ध नुकतेच संपले होते, मुंबई गिरण्यांच्या भोंग्यावर उठत होती. अशा वेळी या कवीने पिंपात मेलेले उंदीर दाखवले, मुंग्यांसारखी रांगेने चालणारी माणसे दाखवली. लोक चिडले. पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले.

आम्हांला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. यंत्रयुगाची ही किळस त्यांनी मांडली ती पुष्कळदा अभंग-ओवीच्या चालीत, म्हणजे संतांच्या भाषेत. आणि आपल्या मनाचा कठीणपणा मोडावा, अशी देवाकडे याचना करणारी कविताही याच माणसाने लिहिली. त्यांना ख्रिस्ती ठरवण्याचा आमचा इरादा नाही, तो अन्याय होईल. पण ज्याचा सगळ्यावरचा विश्वास उडाला, तो मागणे कोणाकडे मागेल?

सेमिनरीत आम्ही शिकलो की संत थॉमस अक्वायनस निराशेला पाप म्हणतात, कारण निराश माणूस देवाच्या दयेकडे पाठ फिरवतो. परंतु 'भ्रमनिरास' या शब्दात निराशा नाहीच! निरास म्हणजे दूर करणे. भ्रम दूर झाला, एवढाच त्याचा अर्थ. पगार वाढला की सुख येईल, हा भ्रम गेला तर त्यात पाप कसले? दुखते मात्र खरे, आणि दुखणाऱ्याला बोलू द्यावे लागते.

बायबलातले ८८वे स्तोत्र पाहा. ते अंधारातच संपते, शेवटी दिलाशाचा शब्द नाही. तरी ख्रिस्तसभेने ते गाळले नाही. आम्ही धर्मगुरू दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत तेच म्हणतो. त्या तरुणाला "असे बोलू नये" म्हणालो, त्या आठवड्यातही म्हटले होते.

तो नाताळला येणार आहे. चहाला बोलावले आहे.