गुडघा आणि वारी



सप्ताहाच्या निमित्ताने शहापूर-मुरबाडच्या गावांतून आमचे हिंडणे होते. कीर्तन आटोपले की आयुष्यभर चिखलात ओणवे राहून भाताची लावणी केलेली माणसे भेटायला येतात आणि म्हणतात, "महाराज, गुडघे गेले. यंदा वारी नाही."

आम्ही तरी कोठे वेगळे? नारदाच्या गादीवर दोन-दोन तास उभे राहून आमचाही उजवा गुडघा धरला. 'आता जपायचे' म्हणून एक वर्ष बसून काढले. फळ काय मिळाले? दुखणे राहिलेच, मांड्या वाळल्या, आणि वारी चुकली.

चूक कोठे झाली? गुडघ्याला आम्ही गाडीचे चाक समजलो; फिरेल तितके झिजेल! परंतु चाक निर्जीव, सांधा सजीव. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीनेच सांध्यातला रस तिच्यात झिरपून तिचे पोषण होते. मांडीचे स्नायू बळकट असले तर गुडघ्याचा भार तेही वाहतात.

म्हणून असे करावे. ओट्यावर बसून एक पाय हळूहळू समोर सरळ करावा, 'रामकृष्ण हरि' तीनदा म्हणेपर्यंत धरावा, सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने 10 वेळा. जमेल तसे हात न टेकता खुर्चीवरून उठावे, बसावे. रोज थोडे सपाटीवर चालावे. स्थूल देहाने वजन उतरवावे. 1 किलो उतरले तर चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे 4 किलो भार हलका होतो.

सुश्रुताचार्यांची मर्यादा मात्र सोडू नये : व्यायाम निम्म्या बळाने. थोडे दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशीही ठणका वाढलेलाच राहिला, तर व्यायाम कमी करावा. पण गुडघा लाल होऊन सुजला, ताप आला, पाय टेकवेना, तर अंगारा लावून बसू नका. शहापूरच्या वा मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात जा.

बळ आठ दिवसांत येत नाही. गुढीपाडव्याला आरंभ करा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, तोवर पावणेतीन महिने हाती आहेत. आम्ही तेच केले. पुढल्या वर्षी सबंध वारी नव्हे, पण आळंदी ते पुणे पायी चाललो. गुडघा आजही कुरकुरतो, कुरकुरू द्या. पांडुरंग विटेवर उभाच आहे, त्याच्या भेटीसाठी आपण निदान उठायला तरी हवे!

रामकृष्ण हरि.