संमती आणि भ्रम

मनुष्य वचनाने बांधला जातो हे सर्वमान्य आहे. परंतु ते बंधन उच्चारलेल्या शब्दाचे की त्यामागील अभिप्रायाचे, हा प्रश्न एखादा कज्जा उभा राहिल्यावाचून आपल्या खऱ्या गांभीर्याने पुढे येत नाही. असा कज्जा १८६४ साली इंग्लंडातील एक्सचेकर न्यायालयापुढे आला. मुंबईहून लिव्हरपूलला येणाऱ्या ‘पीअरलेस’ जहाजावरील सुरती कापसाच्या १२५ गासड्यांचा सौदा झाला होता, आणि दस्तऐवजाच्या मजकुरात वरकरणी कोणतीही संदिग्धता नव्हती. पण त्या नावाची दोन जहाजे मुंबई बंदरातून निघाली होती, एक ऑक्टोबरात व दुसरे डिसेंबरात, आणि खरेदीदाराच्या मनात पहिले होते, तर विकणाऱ्याने दुसऱ्यावरचा माल पुढे केला. अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस दुर्मिळ झालेला असताना हे अंतर व्यापाऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हते. न्यायालयाने कारणमीमांसा न देता खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला.

ती मीमांसा पुढे इतरांनी पुरविली. होम्स या अमेरिकन पंडिताने १८८१ साली ‘द कॉमन लॉ’ या ग्रंथात असे प्रतिपादिले की, कायद्याला उभयतांच्या अंतःकरणाशी कर्तव्य नाही. एकाने एक वस्तू देऊ केली, दुसऱ्याने भिन्न वस्तू मान्य केली, सबब करार झाला नाही. मला हे पटत नाही. उच्चारलेले नाव दोघांचे एकच होते. त्या नावाने कोणते जहाज निर्दिष्ट झाले, हे बोलणाऱ्याच्या मनाकडे न पाहता ठरावे कसे? आपल्याकडील १८७२ चा करारांचा कायदा याहून सरळ बोलतो: उभयतांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे ही संमती, आणि कराराला आवश्यक अशा वस्तुस्थितीविषयी दोघेही भ्रमात असतील, तर तो करार रद्दबातल.

खरी अडचण याच्या पुढे आहे. भ्रम एकाचाच असेल तर केवळ तेवढ्यावरून करार मोडत नाही, असे हाच कायदा सांगतो; आणि तो भ्रम ओळखूनही दुसऱ्याने नुसते मौन धरले, तर ते मौन सामान्यतः कपट ठरत नाही. व्यवहाराला स्थैर्य हवे, हे त्याचे कारण मी तुच्छ लेखीत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात खरेदीविक्रीचा पश्चात्ताप झालेल्याला दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्याची वा घेण्याची मुभा आहे, आणि तीही चूक सिद्ध करण्याची अट न घालता. समुद्रापार मागविलेल्या मालाचा सौदा असा अधांतरी ठेवणे कठीण, हे उघड आहे. परंतु स्थैर्य राखावयाचे ते कोणासाठी? समोरच्याच्या शब्दावर निष्कपटपणे विसंबून ज्याने आपले पुढील व्यवहार मांडले, त्याच्यासाठी. ज्याला चूक दिसत होती, तो त्या शब्दावर विसंबलाच नव्हता; उभयतांचे मन एक झालेले नाही हे त्याला सौदा पटविण्याच्या क्षणीच ठाऊक होते, आणि म्हणून संमतीच्या नावाने त्याने मागितलेल्या संरक्षणाला माझ्या मते धर्माचा आधार उरत नाही, मग कायद्याचा असो वा नसो.